फाटकापासून पायरीपर्यंत

बाबा,

अंगणातली तुमची सिमेंटची वाट आम्ही फोडली. सगळी नाही. फाटकापासून जांबाच्या झाडापर्यंतची तशीच ठेवून तिच्यावर फक्त छन्नीने टाचे मारून ती खरखरीत केली, पण झाडापासून पुढचा तुकडा उखडून काढला, आणि दारासमोरची पायरीही काढली. पायरी मी स्वतः फोडली. तुम्ही असता तर ड्युटीवरून आल्यावर सायकल फाटकाला टेकवता टेकवता तुमची नजर पहिली तिथेच गेली असती आणि तुम्ही विचारलं असतं, "कोणाले विचारून?" त्याचं उत्तर द्यायला मी लिहायला बसले आहे. कोणालाच विचारलं नाही. ज्याला विचारावंसं वाटत होतं तो पायरीपासून चार हात लांब उभा राहून माझ्याकडे पाहत होता.

सुरुवात आईच्या पडण्यापासून झाली. झाडाजवळ वाटेला तडा होता, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही होता तेव्हा तो केसासारखा होता. नंतरच्या पावसाळ्यांत तिथला तुकडा एका बाजूने वर उचलत गेला. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. ऑफिसला जाता-येता मी तो उंचवटा ओलांडायची, आईही ओलांडायची. यंदाच्या पावसाळ्यात एका पौर्णिमेला आई पांढरं लुगडं नेसून, फुलांची ताटली घेऊन विहारात निघाली. वाटेवर शेवाळ होतं. तिचा अंगठा त्या काठाला अडकला आणि ती कमरेवर आपटली. मी नगरपालिकेत होते, तुमच्याच नळ विभागात. शेजारच्या काकूंचा फोन आला. मी पोचले तेव्हा आई तिथेच पडून होती आणि कोणालाही हात लावू देत नव्हती. मला म्हणाली, "आधी फुलं उचल."

खुब्याचं हाड मोडलं होतं. नागपूरला नेलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की वॉकर घेऊन सपाट जमिनीवर चालवा, आणि पुन्हा पडू देऊ नका, कारण दुसऱ्यांदा पडल्या तर उभं करणं कठीण होईल. हे शेवटचं वाक्य ते सहज बोलले, पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. आपल्या घरात आईला न्यायचं तर तीच वाट आणि तीच उंच पायरी होती. म्हणून तिला सौंसरला मावशीकडे ठेवलं, तिचं घर रस्त्याच्या सपाटीला आहे. चौघांनी खुर्चीवर बसवून घरी नेऊ असं मी एकदा म्हटलं होतं. आई म्हणाली, "मले मढ्यासारखं उचलून माह्या घरात नेऊ नको. मी माह्या पायानं जाईन, नाही तं जाणार नाही."

हिवाळा लागला तसं मावशीच्या नातीचं लग्न ठरलं. मावशी तोंडाने काही बोलली नाही, पण आईची खाट समोरच्या खोलीत होती आणि त्याच खोलीत पाहुणे उतरणार होते. आईला हे कळत होतं. मी मजूर शोधायला लागले तर पांढुर्ण्यात माणूस मिळेना. कापसाची वेचणी चालली होती, संत्र्याची तोड लागली होती, जो तो शेतात. शेवटी एक मिस्त्री येऊन अंगणातली वाट तपासून गेला. म्हणाला, "बाई, कायले एवढा विचार करता? वरून टाइल मारून देतो, एका दिवसाचं काम." मी जवळजवळ हो म्हटलं होतं. शनिवारी सौंसरला जाऊन आईला तसं सांगितलं. तो तिथे आईच्या पायाशी बसला होता.

तो म्हणजे तुमचा मुलगा. काम सुटलं की रोज आईला भेटून जातो. सौंसरलाच राहतो आता, टाइलचं काम करतो. मी खोलीत असले की आमच्यात औषधाच्या गोळीपुरतं बोलणं होतं, त्यापलीकडे नाही. तो माझ्याकडे न पाहता आईला म्हणाला, "आई, तिले सांग, खराब जमिनीवर वरून टाइल मारली तं सहा महिन्यांत उठन. मंग तिथं डबल ठोकर लागन."

"मंग तूच करून दे," आई म्हणाली.

त्याने आईच्या पायावरची चादर नीट खोचली. मग म्हणाला, "मी त्या पायरीवर पाय ठेवणार नाही. तुले माहीत आहे."

"वाट पायरीच्या अलीकडंच आहे," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

बाबा, तो तुमचा शब्द अजून पाळतो आहे. तुम्ही गेलात त्या दिवशीही तो फाटकाच्या आत आला नाही. तिरडी रस्त्यावर आली तेव्हा त्याने खांदा दिला. लोक आपापसात बोलले, पण मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण तुम्ही ते बोललात तेव्हा मी तिथे होते.

तो दिवस मला अजून समोर दिसतो: जयंतीची सुट्टी आहे. तो वर्षभराने नागपूरहून आलेला आहे, न सांगता टाइलवाल्यांच्या टोळीबरोबर गेला होता तो. तुम्हाला त्याला नगरपालिकेत तुमच्या हाताखाली घ्यायचं होतं, साहेबांशी बोलणंही झालं होतं. स्वयंपाकघरात आई भाकरी थापते आहे, मी ठेचा कुटते आहे आणि तो पाटावर बसून तुम्हाला त्याची पाणसळ दाखवतो आहे. पिवळी, लांब, नवीकोरी. तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की जमीन बरोबर. ती तो तुमच्या मांडीवर ठेवतो, तुम्ही ती बाजूला ठेवता आणि म्हणता, "पँट वर कर."

त्याला कळत नाही. तुम्ही पुन्हा सांगता. तो गुडघ्यापर्यंत पँट ओढतो. दोन्ही गुडघे काळे पडलेले आहेत, कातडी जाड झालेली, एका ठिकाणी चिरलेली. तुम्ही कितीतरी वेळ पाहत राहता. मग अगदी हळू आवाजात बोलता, म्हणूनच मला भीती वाटते.

"माह्या बापाचे गुडघे असेच होते. पाटलाच्या खळ्यात बसून बसून झाले होते. त्यानं मले शाळेत काऊन घातलं? माह्या पोरानं लोकाच्या घरात गुडघे टेकावे म्हणून?"

"काम आहे बाबा," तो म्हणतो. "मी कोणाच्या पाया पडून नाही राहिलो."

"मंग त्याच घरात जा. माह्या पायरीवर पाय ठेवू नको."

तव्यावरची भाकरी जळून धूर झाला तरी आईने ती उलटली नाही. त्याने पँट खाली केली, पाणसळ उचलली आणि पाणीही न पिता गेला. तुम्ही जेवायला बसलात. त्याच्या मागे न जाता मी तुम्हाला वाढलं. पुढे तो सौंसरला राहायला लागला. त्यानंतर आई दर महिन्याला मावशीकडे जायला लागली आणि तुम्ही दर वेळी विचारायचे, "तुह्या बहिणीची तब्येत बरी आहे ना?" ती कोणाला भेटायला जाते हे तुम्हाला माहीत होतं असं मला आता वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

तर तो आला. सकाळी मोटरसायकलवर, मागे हत्यारांची पिशवी बांधून. फाटकाशी क्षणभर थांबला, मग चपला काढल्यासारखं केलं आणि न काढताच आत आला. मी चहा आणला. कपबशी हातात न घेता त्याने बोटाने भिंतीकडे दाखवलं. मी ती कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली, तिथून त्याने घेतली. मजूर नव्हते म्हणून मी ऑफिसातून सुट्टी काढून त्याच्या हाताखाली उभी राहिले. पाणी आणायचं, घमेलं उचलायचं, दोरी धरायची.

पहिल्या दिवशी तो लोखंडी सळईने सगळी वाट ठोकत गेला. फाटकाकडून सुरुवात केली. टण, टण आवाज येत होता. तो प्रत्येक वेळी मान एका बाजूला करून ऐकत होता. झाडापाशी आल्यावर आवाज बदलला, रिकाम्या डब्यावर ठोकल्यासारखा. त्याने पुढे ठोकलं, तिथेही तोच आवाज. दारापर्यंत तोच. पायरीजवळ तो गेलाच नाही. सळई लांब करून दुरूनच तिच्या अंगावर मारली आणि पायरीही तशीच वाजली.

"आतून पोकळ आहे," तो म्हणाला. औषधाची गोष्ट सोडली तर माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य.

"मंग?"

"फोडा लागन."

मला राग आला. लग्न जवळ येत होतं आणि हा नवीन काम काढत होता. मी म्हटलं, "आईले आणाचं आहे, महाल नाही बांधाचा." त्याने घण उचलला आणि तड्यावर मारला. तुकडा वाजला, फुटला नाही. तुमचं काँक्रीट पक्कं होतं बाबा, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. दुपारपर्यंत तो मारत होता. तुकडे निघाले तशी खालून काळी माती दिसली. चिकट आणि ओली होती. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते, अंगण भेगाळलं होतं, आणि वाटेच्या पोटात चिखल होता. एका जागी तर माती वाहून गेली होती आणि हात जाईल एवढी पोकळी होती.

तो खाली वाकला. हाताने चिखल बाजूला करत गेला आणि नळ उघडा पडला. तुम्ही टाकलेला नळ, फाटकाबाहेरून स्वयंपाकघरात येणारा. सांध्यातून पाणी पाझरत होतं. फवारा नव्हता, एकामागून एक थेंब सुटत होते. किती वर्षांपासून पाझरत होतं कोण जाणे. त्याच पाण्याने माती फुगली आणि वाहिली, तुकडा उचलला गेला, आणि त्याच तुकड्याला आई अडखळली.

मी त्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहिले. हा आता काहीतरी बोलेल असं मला वाटलं. त्याला बोलायला जागा होती. गावाच्या नळांचे सांधे बांधणाऱ्या माणसाच्या घरचाच सांधा गळत होता, आणि त्याच माणसाने त्याच्या कामाला नावं ठेवून त्याला हाकललं होतं. मी मनातल्या मनात उत्तरंही तयार केली. तो चिखलात गुडघे टेकून बसला होता, तुमच्या अंगणात, तुमच्या नळावर हात ठेवून. हे मी तुमच्यापासून लपवू शकत नाही. तसंच बसावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

"सूत आहे काय घरात?" त्याने विचारलं. "बाबाच्या पेटीत असन. अन् सफेदा."

पेटी मी आजवर टाकली नव्हती. सांध्याला लावायचा सफेदा दगडासारखा वाळला होता, तो चौकातल्या दुकानातून नवीन आणला. सूत मात्र तुमचंच निघालं. ज्या रविवारी ही वाट घातली त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही नळ टाकत होता आणि आम्हा दोघांना समोर बसवलं होतं. मी लक्ष देत नव्हते. तो तुमच्या हाताला नाक लावून बसला होता, इतका की तुम्ही रागावलात, "मांगं सरक, पाना लागन तोंडाले." सूत आट्यांच्या दिशेने गुंडाळायचं, उलटं गुंडाळलं तर पिळताना सुटतं, हे तुम्ही त्याला दोनदा करायला लावलं होतं. त्याने आता तसंच गुंडाळलं. पान्याने आवळलं, हात पुसला आणि बोट सांध्याखाली धरून बसला. बोट कोरडं राहिलं.

"एवढी वर्षं टिकला," तो म्हणाला. "दुसऱ्याचा असता तं कवाच गेला असता."

मी पाणी आणायच्या निमित्ताने मागच्या दारी गेले आणि थोडा वेळ तिथेच थांबले.

त्यानंतरचे दिवस फार ताणाचे गेले. ओली माती काढून मुरूम भरला, धुमसाने ठोकला, नवीन काँक्रीट घातलं. मला वाटलं दुसऱ्या दिवशी टाइल बसेल. तो म्हणाला, पोती ओली करून टाक आणि रोज पाणी मार, आठवडाभर हात लावायचा नाही. मावशीकडे मांडव पडायला आला होता. मी आवाज चढवला. म्हटलं, "तू मुद्दाम करून राहिला. आई इथं येऊच नये असं वाटते तुले, म्हणजे रोज तुले तिथं भेटता येते."

तो टाचे मारत होता. छन्नी थांबली.

"ताई," तो म्हणाला. कितीतरी वर्षांनी म्हणाला. "ओल्यावर टाइल मारली तं सुटन. एक टाइल हलली अन् आई पडली, तं तू मले काय म्हणशीन? अन् मी सोताले काय म्हणीन?" मग छन्नी पुन्हा सुरू झाली. संध्याकाळी त्यानेच मावशीला फोन करून आईची खाट मागच्या खोलीत हलवायला सांगितलं.

त्या आठवड्यात आम्ही जुनी वाट तयार केली. तारेच्या ब्रशने शेवाळ घासून काढलं, धुतलं, वाळवलं, परत घासलं. गुळगुळीत सिमेंटला नवा मसाला धरत नाही म्हणून त्याने सगळ्या वाटेवर बोटाबोटावर टाचे मारले. माझ्या हातालाही छन्नी दिली. माझे घाव कधी तिरके बसायचे, कधी नुसती धूळ उडायची. तो त्या जागेवर परत मारायचा. मग दोरी बांधून ढाळ पाहिला. पाणी घराकडे न येता फाटकाकडे जायला हवं, आणि वॉकर ढकलताना आईला चढ जाणवायला नको. त्याने झाडापासून दारापर्यंत दोरी ताणली, पाणसळ लावली आणि दोरीकडे पाहत उभा राहिला. दोरीचं टोक पायरीच्या माथ्याला अडत होतं.

पायरी तुम्ही एवढी उंच का केली ते मला माहीत आहे. एका पावसात घरात पाणी शिरलं होतं आणि आईचं पीठ भिजलं होतं. पण ती वॉकरने चढता येणारी नव्हती, आणि आता तर आतून पोकळ होती. तिच्या जागी हळूहळू चढत जाणारी वाट न्यायला हवी होती. हे मलाही दिसत होतं. त्याने घण भिंतीला टेकवून ठेवला.

"ते मी नाही फोडत," तो म्हणाला.

"मंग कोण फोडन?"

"घर तुहं आहे. तू पाहा."

"तुले भीती वाटते काय?"

"नाही," तो म्हणाला. "बाबानं मले पायरीवर येऊ नको म्हटलं होतं. पायरीच काढून टाकीन अन् आत जाईन, असं नाही कराचं मले."

मी त्या दिवशी ते तसंच सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा मी घण घेऊन पायरीवर उभी होते. मला बाबा, तुमचा राग आला होता. तुम्ही होता तोवर कधी आला नाही, तुमच्या मागेही आला नाही, तो त्या सकाळी आला. तुम्ही आजारी पडल्यावर दोन महिने अंथरुणावर होता. रोज संध्याकाळी दाराकडे तोंड करून पडायचे. एक निरोप पाठवला असता तर तो धावत आला असता. मी तुमच्या तोंडात औषध घालताना कितीदा वाट पाहिली, आता म्हणतील, आता म्हणतील. तुम्ही पाणी मागितलं, उशी मागितली, त्याचं नाव काढलं नाही. तुमच्या वडिलांच्या गुडघ्यांचं दुःख मला कळतं. ते मी लहानपणापासून ऐकलं आहे आणि त्याच दुःखातून तुम्ही मलाही शिकवलंत, म्हणून मी आज खुर्चीवर बसते. पण त्याच्या गुडघ्यांवरचे घट्टे त्याने कोणापुढे वाकून घेतलेले नव्हते. ते तुम्ही एकदा तरी वेगळे करून पाहायला हवे होते.

पहिला घाव माझ्या हातातून निसटला आणि चौकटीला लागला. दुसरा बसला. विटा आतून ओल्या झालेल्या होत्या, तिसऱ्या-चौथ्या घावाला पायरी कोसळली. एक ढलपा माझ्या पायाच्या नखावर आला आणि रक्त निघालं. तो पुढे आला, जिथे पायरी होती तिथपर्यंत, आणि थांबला. "पाय दाखव," म्हणाला. मी उंबऱ्यावर बसले. त्याने बाहेर उभं राहूनच पाण्याने नख धुतलं, खिशातला रुमाल बांधला. मग राडारोडा घमेल्यात भरायला लागला. त्या जागी उंबऱ्यापर्यंत काँक्रीटचा चढ घालून तोही तसाच भिजवून ठेवला.

टाइल खरखरीत घेतली, गाड्या उभ्या करायच्या जागी लावतात तसली. दिसायला साधी आहे. मावशीच्या लग्नघरात पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दारापर्यंतच्या टाइल बसून घट्ट झाल्या. दाराजवळचे सांधे भरायचे तेवढे राहिले होते. दुपारी मावसभाऊ आईला गाडीने घेऊन आला. फाटकाशी तिला उतरवलं, वॉकर हातात दिला. मी मागे, तो बाजूने. आई मान खाली घालून चालत होती. वॉकर उचलायची, पुढे ठेवायची, दाबून पाहायची, मग पाय टाकायची. झाडापाशी ती थांबली. त्याने दोन्ही हात पुढे केले. आई म्हणाली, "काही नाही. पाहून राहिली," आणि पुढे निघाली. चढ तिला कळलाही नाही. ती दारातून आत गेली, खाटेवर बसली आणि तिथूनच म्हणाली, "ये रे."

तो दाराबाहेर होता. "हात भरले आहेत माहे," तो म्हणाला. हात कोरडे होते. आईने पुन्हा हाक मारली नाही. मावसभाऊ गाडी घेऊन गेला. तो दाराशी बसून सांधे भरायला लागला. मी आत-बाहेर करत होते. इतकं सगळं करून आपण जिथे होतो तिथेच आहोत असं मला वाटत होतं.

मी मागच्या दारी मोरीत भांडी घासत होते. आई मला न सांगता उठली. तिला स्वयंपाकघर पाहायचं होतं, इतक्या महिन्यांनी घरी आली होती. मला आधी वॉकर आपटल्याचा आवाज आला आणि मग आईचा "अगं" एवढाच शब्द. माझ्या हातातली कढई तशीच सुटली. डॉक्टरांचं ते वाक्य माझ्या कानात वाजत होतं. मी आत पोचले तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसला होता आणि आई त्याच्या छातीवर टेकली होती. वॉकरचा पाय सतरंजीत अडकला होता. आई खाली पोचायच्या आधीच त्याने तिला धरलं होतं. तिच्या पाठीवर त्याच्या हातांचं ओलं सिमेंट लागलं होतं. तो एकसारखा विचारत होता, "लागलं काय? कुठं लागलं? बोल ना." आई म्हणत होती, "नाही लागलं. नाही लागलं, बापू."

आम्ही दोघांनी तिला उठवलं, खाटेवर नेलं. तिने पाय हलवून दाखवला. मी सतरंजी गुंडाळून फेकली. तो खोलीच्या मधोमध उभा होता. आपण कुठे आहोत हे त्याला तेव्हा कळलं असावं, कारण त्याने भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे पाहिलं. मग तो बाहेर गेला, अर्धे राहिलेले सांधे भरून पूर्ण केले, कपड्याने टाइल पुसल्या, हातपाय धुतले आणि परत आत येऊन आईच्या खाटेजवळ बसला. मी भाताला पाणी ठेवलं. काही बोलले तर तो उठून जाईल अशी मला भीती होती.

आता तो आठवड्यातून एकदा येतो. तुमच्याबद्दल आमच्यात बोलणं होत नाही. त्याने तुम्हाला माफ केलं की नाही हे मी विचारलं नाही, आणि तुम्ही त्याला काय म्हणाला असता हेही मला सांगता येत नाही. हा कागद मी घरात ठेवणार नाही, त्याच्या हाती लागायला नको. विहाराकडे जाताना नदीच्या पुलावरून फाडून टाकीन.

पण एक गोष्ट राहिली. त्या दिवशी त्याने आईला जेवू घातलं. तिचे हात अजून थरथरत होते, म्हणून वरणभात कालवून त्याने घास दिले आणि आई ताटलीभर जेवली, परत मागून जेवली. ऑपरेशन झाल्यापासून माझ्या हातचे चार घास खाऊन ती पुरे म्हणायची. मी चुलीशी उभी राहून पाहत होते. मला आनंद झाला बाबा, खरंच झाला. पण त्या आनंदात मला जरा वाईटही वाटलं, आणि ते अजून गेलेलं नाही.